विज्ञानरंजन की स्मरणरंजन?

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांसमोर दागदागिने असतील, तांब्यापितळेची भांडी असतील, फार तर घरातली वडीलधारी माणसे असतील. अंतराळयान मात्र खासच नसेल. अंतराळयान ही वस्तूच मुळी उद्याची. ती जुनी झाली की तिच्यातली गंमत संपली, असे आपण साध्या तर्काने म्हणू. पण पडद्यावर घडते आहे ते अगदी उलट. आज दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर जी अंतराळयाने झेपावताना दिसतात, त्यांतली कितीतरी साठ वर्षांपूर्वी प्रथम उडालेली आहेत. कप्तान तेच, त्यांचे गणवेश तेच, शत्रूही तेच. भविष्यकाळ दाखवण्यासाठी जन्माला आलेला हा साहित्यप्रकार मान मागे वळवून चालू लागला आहे. विज्ञानरंजनाच्या पाटीखाली स्मरणरंजनाचे दुकान चालले आहे की काय, असा प्रश्न त्यामुळे पडतो, आणि तो आपल्या महाविद्यालयीन वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी माहिती. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी दिसला. मूळ मालिका अवघी तीन वर्षे चालली, ७९ भाग झाले आणि १९६९ साली ती बंद पडली. पुढे पुनःप्रक्षेपणांतून तिची लोकप्रियता इतकी वाढली की, प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडून १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला तिच्यातल्या यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव द्यावे लागले. ‘स्टार वॉर्स’ हा मूळचा चित्रपट, १९७७ सालचा. आता त्याच्याही मालिका झाल्या आहेत. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनने ‘स्टार ट्रेक’ दाखवली. १९८९ साली ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’ आल्या, १९९८ साली केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. आज ज्यांचे केस पिकू लागले आहेत त्यांना ही नावे ऐकून नक्कीच उमाळा येईल. आमच्या मालिका थोड्या चालल्या आणि थांबल्या. परदेशातल्या मात्र थांबल्यासारख्या वाटल्या आणि पुन्हा उठल्या. ‘डॉक्टर हू’ १९८९ साली बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. ‘स्टार ट्रेक’ची दुसरी मालिका १९८७ साली आली आणि त्यानंतर अशा मालिकांची रांगच लागली. आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात बसणारा विद्यार्थी मोबाइलवर जी मालिका पाहतो, ती पुष्कळदा त्याच्या वडिलांपेक्षा वयाने मोठी असते!

हे असे का होते? पहिले कारण उघड आहे, आणि ते पैशाचे आहे. डिस्ने कंपनीने २०१२ साली ‘स्टार वॉर्स’ची निर्मिती करणारी लुकासफिल्म ही संस्था सुमारे चारशे कोटी डॉलरला विकत घेतली. एवढी रक्कम मोजणारा व्यापारी कॅमेऱ्यांसाठी आणि इमारतींसाठी ती मोजत नाही; लोकांच्या मनात घर करून बसलेल्या नावासाठी मोजतो. मग ते नाव वर्षानुवर्षे राबवणे त्याला भागच पडते. नव्या कथेला प्रेक्षक मिळेल की नाही याची कोणीच हमी देत नाही. जुन्या नावाला निदान पहिल्या दिवशी तरी गर्दी होते.

दुसरे कारण आपल्याच मनात आहे. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही १९८७-८८ सालची मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सारा देश तिच्यापुढे बसला. तांत्रिक सफाईच्या दृष्टीने ती मालिका कधीच मागे पडली होती. पण बाहेर रोगाचे भय होते, उद्याचा भरवसा नव्हता आणि पडद्यावर एक ओळखीचे, शेवट ठाऊक असलेले जग होते. माणूस घाबरला की ओळखीच्या जागी जाऊन बसतो. स्मरणरंजनात ही आधाराची शक्ती आहे, ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तेव्हा जुने पुन्हा पाहणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न वेगळा आहे. जुने म्हणून जुने पाहणे निराळे आणि नव्याच्या नावाने जुनेच पुन्हा विकत घेणे निराळे.

या दोहोंतली रेषा कोठे ओढायची? त्यासाठी पाश्चात्त्य समीक्षकांचे ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. आपल्या देवळातल्या कीर्तनाकडे पाहिले तरी पुरे. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात, पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन बुवा त्याचे निरूपण करतात, एखादा प्रश्न उभा करतात, त्याची फोड करतात. उत्तररंगात त्या निरूपणाला दृष्टांत म्हणून आख्यान लावतात. आख्यान श्रोत्यांना पाठच असते. ध्रुवाला अढळपद मिळणार, हरिश्चंद्राची कसोटी पार पडणार, हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही चांगल्या बुवांच्या कीर्तनाला लोक पुन्हा पुन्हा जातात, कारण आख्यान जुने असले तरी निरूपण ताजे असते. आज गावात ज्या गोष्टीची चर्चा आहे, ती बुवा अलगद त्या जुन्या आख्यानाशी नेऊन भिडवतात. उलट, ज्यांच्यापाशी निरूपण नाही, ते केवळ आख्यानाची पेटी उघडून बसतात. झांजा वाजतात, गजर होतो, आणि घरी जाताना ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

दीर्घकाळ चालणाऱ्या विज्ञानमालिकेला हीच कसोटी लावावी. यान, कप्तान, टोकदार कानांचा स्पॉक, पोलिसचौकीच्या निळ्या खोक्यातून काळात फिरणारा डॉक्टर, हे सारे आख्यान. त्या आख्यानाच्या निमित्ताने जो प्रश्न विचारला जातो ते निरूपण. आख्यान जुने असण्याला आमची हरकत नाही. निरूपण कोठे आहे, एवढेच आम्ही विचारतो.

मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये ते होते. १९६७ सालच्या एका भागात खाणीतले कामगार एकामागून एक मरत असतात. खडकातून वाट काढणारा कोणी राक्षसी प्राणी त्यांना मारत असतो. शेवटी उलगडते ते असे की, तो प्राणी म्हणजे एक आई आहे आणि खाणकामगार ज्यांना निरुपयोगी दगडगोटे समजून फोडत आहेत ती तिची अंडी आहेत. राक्षस कोण, या प्रश्नाचे उत्तर तिथे उलटून येते. १९६९ सालच्या दुसऱ्या एका भागात एका ग्रहावरचे दोघेजण येतात. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. परक्यांना दोघे सारखेच दिसतात. पण एकाची उजवी बाजू काळी, तर दुसऱ्याची डावी, आणि एवढ्याशा फरकापायी त्यांच्या जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या वैर धरलेले. शेवटी ते आपल्या ग्रहावर परततात तेव्हा तिथे कोणीच जिवंत उरलेले नसते. सगळे एकमेकांना मारून संपलेले असतात. तरीही हे दोघे भांडण सोडत नाहीत. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न पेटलेला असतानाच्या काळातली ही कथा आहे. तिच्यातली रंगरंगोटी आज बाळबोध वाटते. पण सीमाभागात राहणाऱ्या वाचकाने ती पाहावी आणि मनाशी काय वाटते ते स्वतःच ठरवावे.

नाव जुने असले म्हणजे नवे सुचतच नाही, असेही नाही. पहिल्या ‘स्टार ट्रेक’नंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, १९९१ साली, दुसऱ्या मालिकेत ‘डार्मोक’ नावाचा एक भाग आला. त्यात एक अशी जमात भेटते की, तिचा प्रत्येक शब्द भाषांतरयंत्राला कळतो, पण बोलण्याचा अर्थ मात्र कोणालाच लागत नाही. कारण ती जमात केवळ आपल्या पुराणकथांच्या संदर्भांतूनच बोलते. आपण ‘द्रौपदीची थाळी’ म्हणालो तर परक्याला थाळी कळेल, द्रौपदी हे बाईचे नाव आहे हेही कळेल. पण न संपणारे अन्न हा अर्थ त्याला कोण सांगणार? ती गोष्ट ठाऊक असल्याशिवाय भाषा कळत नाही, आणि बरोबर बसून संकट भोगल्याशिवाय गोष्ट कळत नाही, असे त्या कथेचे सूत्र आहे. तिच्यात कप्तान शेकोटीपाशी बसून त्या परक्या माणसाला गिल्गमेशची कथा सांगतो. जगातल्या अतिप्राचीन महाकाव्यांपैकी एक महाकाव्य अंतराळयुगाच्या कथेत असे कामाला येते. जुन्याचा उपयोग करायचा तो असा.

पुढे १९९३ ते १९९९ या काळात याच मालाकुटुंबातली ‘डीप स्पेस नाइन’ आली. तिच्यातले तळठाणे आकाशात एका जागी उभे आहे, ते कोठे जातच नाही. दीर्घ परकीय अंमलातून नुकत्याच सुटलेल्या एका ग्रहाजवळ, सरहद्दीवर ते आहे. तेथे रोज निरनिराळ्या जमाती येतात, व्यापार करतात, जुने हिशेब काढतात. ‘स्टार ट्रेक’ म्हणजे प्रवास, ही कल्पनाच निर्मात्यांनी बाजूला ठेवली, आणि म्हणून त्यांना नवे काही सांगता आले.

आता दुसरी बाजू. २०१३ साली ‘स्टार ट्रेक’चा जो चित्रपट आला, त्यात १९८२ सालच्या चित्रपटातला खलनायक खान पुन्हा आणला गेला. १९८२ मध्ये काचेच्या आत स्पॉक मरतो आणि बाहेर कप्तान कर्क असहायपणे पाहतो. २०१३ मध्ये काचेच्या आत कर्क मरतो आणि बाहेर स्पॉक. जागा बदलल्या, एवढेच नावीन्य! शिवाय कर्कला थोड्याच वेळात जिवंतही करण्यात आले. ज्यांनी मूळ प्रसंग पाहिला होता त्यांना तो आठवला. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना हे सारे एवढ्या गंभीरपणे का चालले आहे ते कळले नाही. २०२३ साली ‘पिकार्ड’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात जुने सर्व कलावंत पुन्हा एकत्र आले आणि त्यांच्या जुन्या यानाचा नियंत्रणकक्ष हुबेहूब उभारला गेला. प्रेक्षकांचे डोळे पाणावले, हे खरे. माजी विद्यार्थी मेळाव्यातही डोळे पाणावतात. पण मेळाव्याला कोणी नवा अभ्यासक्रम म्हणत नाही.

‘स्टार वॉर्स’चेही तेच. २०१५ सालच्या चित्रपटात वाळवंटी ग्रहावरचे एक अनाथ पोर, गुपित घेऊन पळालेला यंत्रमानव आणि ग्रह उडवून देणारे भलेमोठे शस्त्र ही १९७७ सालची सामग्री तशीच्या तशी आली. २०१९ साली तर पूर्वीच मेलेला सम्राट पुन्हा उठवण्यात आला. नवा खलनायक कल्पिण्याएवढाही धीर उरला नसावा! तरी याच कुटुंबात ‘अँडॉर’ ही मालिका २०२२ आणि २०२५ साली आली आणि तिने वेगळी वाट काढली. तिच्यात जादूच्या तलवारी नाहीत. जुलमी राजवटीत कारकुनी करणारे लोक, तुरुंगात यंत्राचे सुटे भाग जुळवणारे कैदी, भीतीने गप्प बसणारे शेजारी यांची ती कथा आहे. जग तेच, पण विचारलेला प्रश्न असा की, साधा माणूस बंडाला उभा राहतो तो नेमका कोणत्या दिवशी? हे निरूपण होय.

‘डॉक्टर हू’ची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. मालिका बंद करण्याऐवजी लेखकांनी अशी युक्ती काढली की, डॉक्टर हा परग्रहवासी असल्यामुळे मरणाच्या वेळी त्याचे शरीर बदलते आणि तो नव्या रूपात जगतो. म्हणजे बदल हाच त्या मालिकेचा प्राण ठरला. २०१८ साली जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीने प्रथमच स्त्रीरूपात ही भूमिका केली, आणि त्याच वर्षीच्या एका भागात डॉक्टर १९४७ सालच्या ऑगस्टमधल्या पंजाबात उतरते. एका हिंदू तरुणाचे आणि मुसलमान तरुणीचे लग्न आहे, आणि फाळणीची रेषा त्यांच्या शेतावरून जाते आहे. परग्रहावरचे जीव त्या कथेत आहेत, पण खरा घातक जीव माणूसच निघतो. पंचावन्न वर्षांच्या इंग्रजी मालिकेत आपल्या खंडाचे दुःख अशा रीतीने आले, हे त्या मालिकेच्या जिवंतपणाचे लक्षण. पण पुढे २०२३ साली, साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, पूर्वी ही भूमिका केलेले डेव्हिड टेनंट पुन्हा डॉक्टर म्हणून परतले. जिचा नियमच बदलाचा, तिलाही मागचा चेहरा परत आणावासा वाटला! यावरून स्मरणरंजनाचा मोह किती जबर आहे याची कल्पना यावी.

येथे कोणी म्हणेल, लोकांना आवडते ते दिले तर बिघडले कोठे? दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी ओळखीचे चेहरे पाहू नयेत काय? अवश्य पाहावेत. आमची तक्रार त्याच्यासाठी नाही. ज्याला काही आठवतच नाही, त्या तरुण प्रेक्षकासाठी आहे. आठवण ज्याची त्याला गोड. बापाच्या आठवणींवर मुलाला वाढवायचे म्हणजे त्याला उष्टे वाढायचे. १९६६ सालच्या लेखकांनी आपल्या काळाचे प्रश्न विचारले: वंशद्वेष, अणुयुद्ध, परक्याची भीती. आजच्या तरुणाचे प्रश्न निराळे आहेत. यंत्र आपली नोकरी घेईल काय? आपले बोलणे, चालणे, खरेदी यांची नोंद ठेवणारा कोण आहे? पाऊस असा का बिघडला? या प्रश्नांना पडद्यावर जागा मिळायची, तर जुन्या पाहुण्यांनी जरा सरकून बसले पाहिजे.

परदेशातल्या मालिकांचे हे पुराण आपल्याला कशाला, असे वाटणाऱ्यांनी आता घराकडे वळावे. नव्या-जुन्याचा हा झगडा आपल्या मुलखाला अपरिचित नाही. किंबहुना तो कसा सोडवावा याचे उत्तम उदाहरण आपल्याच परिसरात घडले आहे. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. त्यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. कथा कालिदासाची, म्हणजे दीड हजार वर्षांची जुनी. पण पात्रांनी स्वतः गायचे, गद्य आणि पद एकाच संवादात गुंफायचे, हा घाट मराठी प्रेक्षकांना नवा होता. भावे आणि किर्लोस्कर या दोघांनीही जुने टाकले नाही. त्याची नक्कलही केली नाही. कन्नड प्रांतातला खेळ मराठीत येताना तो मराठीच झाला. पुढे याच संगीत नाटकाचे काय झाले? जोवर त्याला नवे विषय मिळत होते तोवर ते वाढले. ‘शारदा’ने १८९९ साली बाला-जरठ विवाहाचा जळता प्रश्न रंगभूमीवर आणला. नंतर नंतर लोक नाटकाला न जाता पदांना जाऊ लागले. वन्समोअर मिळवणारी पदे उरली, नाटक मागे पडले. पदे आजही गोड लागतात. पण आख्यान उरून निरूपण हरवले की असे होते.

बेळगावच्या वाचकाला आणखी जवळचा दाखला हवा असेल तर त्याने वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवावी. रात्रभर रस्ते फुललेले असतात आणि गल्लोगल्लीची मंडळे जिवंत देखावे सादर करतात. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, शाहिस्तेखानाची बोटे हे प्रसंग कितीदाही पाहिले तरी अंगावर काटा येतो. पण एखादे मंडळ महाराजांची जलनीती, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू न देण्याची शिस्त, असा विषय घेते तेव्हा गर्दी क्षणभर थबकते, वाचते, आपसात बोलते. महाराज तेच, पण आज विचारायचा प्रश्न त्यात सापडलेला असतो. २०२३ साली ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि पुढच्याच महिन्यात कित्येक गणेश मंडळांनी त्याचा देखावा उभारला. चार आठवड्यांत आमचे कार्यकर्ते थर्माकोल आणि पुठ्ठ्यावर चंद्र उतरवतात! मग आमचे लेखक चार दशके जुन्या चंद्राभोवती का घुटमळतात?

मराठी विज्ञानकथेतही हे उदाहरण आहे. ज्या १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्याच साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे प्रत्यक्षात डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते आणि कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. निपाणीहून तासाभराच्या अंतरावरच्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेल्या या शास्त्रज्ञाने प्रसिद्ध नावाचा आधार न घेता नवी कथा स्पर्धेत उतरवली. चारशे कोटी डॉलर मोजून नाव विकत घेणाऱ्यांच्या शेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तर या लेखाचा विषयच हाती घेते. पानिपत म्हणजे मराठी मनाचे सर्वांत मोठे स्मरणरंजन; ‘त्या दिवशी असे झाले असते तर’ या एका वाक्यावर आपण अडीचशे वर्षे उसासे टाकतो आहोत. नारळीकरांनी तो उसासा गंभीरपणे घेतला. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघाताने अशा जगात जातात, जिथे मराठे १७६१ साली पानिपत जिंकलेले आहेत. पण लेखक विजयाच्या नगाऱ्यावर थांबत नाही. असे दुसरे जग असणे शक्य आहे काय, एका गोळीच्या किंचितशा फरकाने इतिहास दुसऱ्या फाट्यावर जातो काय, असे आधुनिक भौतिकीचे प्रश्न तो उभे करतो. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आले, ते उगाच नव्हे. ‘वामन परत न आला’ या १९८६ सालच्या कादंबरीचे नावही पुराणातले आहे आणि चिंता मात्र माणसाला वरचढ ठरू शकणाऱ्या बुद्धिमान यंत्राची. तीन पावले मागणारा बटू कोणत्या रूपात दारी येईल, हे आज संगणकापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला थोडेफार जाणवते आहे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचेही असेच. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घातला. १९८० च्या दशकात तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली चित्रपटात आला. चित्रपटवाल्यांना त्याला चट्ट्यापट्ट्याचा शर्ट घालून सायकलवर बसवता आले असते, आणि जुने वाचक तेवढ्यावर खूश झाले असते. त्यांनी बनेशला तरुण केले आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरप्रकाराच्या शोधाला लावले. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पोटात गोळा आणणारा हा विषय आहे. चित्रपट कोणाला किती आवडला हा भाग निराळा. दिशा बरोबर होती.

आता आपल्याविषयी थोडे. महाजन आयोग नेमला गेला ते सालही १९६६. त्या प्रश्नाच्या न्यायनिवाड्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या भागातल्या तरुणाला वारसा म्हणून जे मिळते त्यात आजोबांच्या आठवणींचा वाटा फार मोठा असतो. त्या आठवणी खऱ्या आहेत, त्यांचा मान राखला पाहिजे. तरीही आपल्या वाट्याचे नवे प्रश्न विचारणे हे आपले काम उरतेच, आणि विज्ञानकथा हे त्याचे फार सोयीचे साधन आहे.

विषय शोधायला दूर जावे लागत नाही. बेळगावहून निपाणीला जाताना हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग तयार होतात. आपल्या गावच्या मुलाने घासूनपुसून मापात बसवलेला तुकडा महासागरांवरून उडतो, आणि त्याच्यावर आपल्या नियतकालिकात अजून एकही गोष्ट आलेली नाही! निपाणीच्या तंबाखूवर पिढ्या पोसल्या. ज्या दिवशी जगात कोणीच विडी ओढणार नाही, तो दिवस आरोग्याच्या दृष्टीने सोन्याचा, पण विड्या वळणाऱ्या बाईच्या सुपात त्या दिवशी काय असेल? मोबाइल आता कन्नडचे मराठी आणि मराठीचे कन्नड क्षणात करून देतो. उद्या हे यंत्र गणपत गल्लीत भाजी घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोघांच्याही कानात बसले, तर आपण एकमेकांची भाषा शिकण्याचे सोडून देऊ की एकमेकांचे बोलणे प्रथमच नीट ऐकू? ‘डार्मोक’च्या लेखकांना सुचला त्याहून हा प्रश्न लहान नाही, शिवाय तो आपल्या दारातला आहे.

या अंकाला दोन विभाग आहेत. मराठी विभाग वाचून झाला की पुष्कळांचा अंक मिटतो. तिकडे कन्नड विभागाचेही तसेच होत असावे. कन्नडमध्ये राजशेखर भूसनूरमठ यांनी विज्ञानकथा लिहिल्या, मराठीत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांनी लिहिल्या. एका वर्गात शेजारी बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितींनी दोन्हीकडची एकेक तरी कथा वाचली असेल? भाव्यांच्या वेळी कन्नड मुलखातला खेळ पाहून मराठी नाटक उभे राहिले. ती देवाणघेवाण पुन्हा सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून संपादक मंडळाला एक सूचना करून हा लेख संपवतो. पुढच्या अंकासाठी विज्ञानकथांची स्पर्धा ठेवावी. अट एकच असावी: कथा याच परिसरात घडली पाहिजे आणि तिच्यातला प्रश्न आजचा असला पाहिजे. कथा मराठीत आली तर तिचा कन्नड अनुवाद आणि कन्नडमध्ये आली तर मराठी अनुवाद शेजारच्या मित्राने करावा, यंत्राने नव्हे. लेखकांची नावे परीक्षकांपासून झाकून ठेवावीत. जगतापांचा कित्ता आपल्यापुढे आहेच. आणि एखाद्याने आपल्या कथेत जुने यान, जुना कप्तान किंवा पुराणातला वामन आणलाच, तर त्याला बाद करू नये. त्याने त्या पाहुण्याला कोणते नवे काम दिले, एवढेच पाहावे.